परक्याला सांगायचा आकडा

घाटनांदूर,
६ जानेवारी २०२५

नाथा,

वर चिरंजीव लिहिलेलं नाही, प्रियही नाही. फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू "अक्का, ऐकून तर घे" म्हणायचास आणि मी फोन ठेवायची. पत्रात तुला मध्ये तोंड घालता येणार नाही. सगळं वाच, उभ्या उभ्या चाळू नकोस.

तुझ्या ऑफिसचा पत्ता मला तुझ्याच पुस्तिकेवर मिळाला. आम्हा आशाताईंना गेल्या वर्षी तालुक्याला बोलावून ती दिली होती. कॅन्सरच्या नव्या गोळ्या सरकारी योजनेत घ्यायच्या की नाहीत, जेवढ्या महाग आहेत तेवढ्या गुणाच्या आहेत की नाहीत, हे ठरवायला पाहणी करायची म्हणाले. गोळ्या सुरू व्हायच्या आधी एकदा आणि सहा महिन्यांनी एकदा बाईला तेच प्रश्न विचारायचे. चालता येतं का, अंघोळ स्वतःची स्वतः करता का, रोजची कामं होतात का, दुखतं का, घोर लागतो का. शेवटी शंभर खुणांची उभी पट्टी. आज तब्येत कितीवर आहे, बोट ठेवा. मी मान मोडेस्तोवर फॉर्म भरले. परवा निकाल ऐकायला गेले तेव्हा पुस्तिकेच्या पाठीमागे बारीक अक्षरात नाव वाचलं. डॉ. नाथा सुग्रीव देवकते, दिल्ली. हातातला चहा पदरावर सांडला.

निकाल काय, तर आमच्या भागात या गोळ्यांनी बायका जास्त जगतात खऱ्या, पण त्यांच्या जगण्यात सुधारणा दिसत नाही. म्हणजे किमतीच्या मानानं लाभ थोडा. योजनेत घेऊ नये अशी शिफारस जाणार. पाहणीतल्या बायकांना फुकट मिळणाऱ्या गोळ्या एकतीस मार्चला बंद.

आता नीट वाच. त्या बायकांत माय आहे.

तिच्या छातीतली गाठ काढली ते तुला माहीत आहे. गेल्या वर्षी दुखणं मणक्यात उतरलं ते माहीत नाही, कारण मी कळवलं नाही. का कळवलं नाही, ते आत्ता विचारू नकोस. मे महिन्यात तिला कूस बदलता येत नव्हती. जूनपासून ही गोळी, एकवीस दिवस रोज एक आणि मग सात दिवस खाडा. दिवाळीला माय मेंढरांमागं तळ्यापर्यंत चालत गेली. आणि तुमचा कागद म्हणतो सुधारणा दिसत नाही!

का दिसत नाही ते सांगते. जूनमध्ये मी पट्टी पुढे धरली. माय खाटेवर आडवी, कण्हायचंसुद्धा त्राण नाही. म्हणाली, "चाळीस लिही." डिसेंबरात पुन्हा धरली. माय नुकतीच रानातून आलेली, पायाला चिखल. म्हणाली, "चाळीस."

नाथा, चाळीस! तुला काहीच आठवलं नाही? मेंढरं तीस असोत नाहीतर ऐंशी, परक्यानं विचारलं की आपली माणसं चाळीस म्हणतात. जास्त सांगितली तर नजर लागते, कमी सांगितली तर व्यापारी डोक्यावर बसतो. खरा आकडा फक्त घरातल्या माणसाला. तू पहिलीत असताना जनावरं मोजायला आलेल्या साहेबानं तुलाच विचारलं होतं आणि तू ढिम्म चेहऱ्यानं चाळीस म्हणालास. आबांनी दिवसभर तुला खांद्यावरून उतरू दिलं नव्हतं. तोच पोरगा आता दिल्लीत बसून तक्ते वाचतो, आपल्या मेंढक्यांच्या तिन्ही वस्त्यांतल्या बायकांपुढे दोन्ही वेळेला चाळीस बघतो, आणि लिहितो सुधारणा नाही. कपाळावर हात मारून मारून माझं कपाळ दुखायला लागलं आहे.

बाकीच्या प्रश्नांचंही तेच. दुखतं का, तर "न्हाई तसं काई." पाणी प्यायला मान उचलता येत नव्हती त्या दिवशी हे बोलली. आणि तो एक प्रश्न तर नक्की तुझ्याच डोक्यातून निघाला असणार. दहा वर्षं दुखण्यात काढाल की सात वर्षं ठणठणीत? माय म्हणाली, "आन् राह्यलेली तीन कुनाला देनार हायेत? त्येला इच्यार आदी." यासाठी पुस्तिकेत रकाना होता, 'उत्तर विसंगत'. मी तिथं खूण केली.

दुरुस्त कर हे. एकतीस मार्चच्या आत.

बबिता


२७ जानेवारी २०२५

नाथा,

तुझं पत्र आलं. टाइप केलेलं, परिच्छेदांना आकडे घातलेलं. मायच्या दुखण्याची बातमी कळल्यावर माणूस परिच्छेदांना आकडे घालत बसतो? पण तिसऱ्या परिच्छेदात एकच ओळ दोनदा आली आहे, तेव्हा लिहिताना तुझं लक्ष ठिकाणावर नसावं असं धरते.

तू लिहितोस, तक्त्यात नावं नसतात, क्रमांक असतात, त्यामुळे माय त्यात आहे हे कळायला मार्ग नव्हता. मान्य. तू लिहितोस, एका बाईच्या वर्षभराच्या गोळ्यांच्या खर्चात तीस-पस्तीस बायकांची गाठ वेळेवर तपासून, काढून, साधी औषधं देऊन त्यांना घरी पाठवता येतं. हे खोटं नाही, आणि म्हणून तर जास्त चीड येते. खोटं असतं तर दोन शिव्या देऊन मोकळी झाले असते. माझ्याच गावात सहा बायकांनी गाठ दाखवायला दीड-दीड वर्ष लावलं, कारण त्या ऊसतोडीला गेल्या होत्या. मायच्या गोळ्या महत्त्वाच्या की त्या सहा जणी, असं कोणी मला विचारलं तर मलाही उत्तर येत नाही. पण मग निदान तराजू तरी धड असू दे. पारड्यात चाळीस टाकून कसलं वजन करता तुम्ही लोक?

आणि तो शेवटचा परिच्छेद! रुग्ण नात्यातली निघाल्यामुळे नियमानुसार तुला या कामातून बाजूला व्हावं लागणार. म्हणजे अख्ख्या दिल्लीत चाळीस म्हणजे काय हे ज्या एका माणसाला कळतं, नेमका तोच उठून जाणार. मी तुझ्या दाजींना पत्र वाचून दाखवलं. ते म्हणाले, "तुमच्या घरात बाजूला व्हायची लई हौस हाय." मी त्यांनाही चार शब्द सुनावले.

फॉर्म भरताना मी गप्प का बसले, असं तू विचारतोस. प्रशिक्षणात सांगितलं होतं, रुग्ण बोलेल तेच लिहा, स्वतःचं मत घालू नका. वाक्य तुझंच आहे, पान चार. आणि खरं सांगायचं तर डिसेंबरात माझ्याकडे चौदा फॉर्म होते आणि ते त्याच दिवशी द्यायचे होते. तालुक्याच्या मॅडम चारचौघींत म्हणाल्या होत्या की बबिताताईंच्या फॉर्मवर एकही खाडाखोड नसते. मला ते आवडलं होतं.

मायला तुझं पत्र दाखवलं नाही. नाथा तब्येत विचारतो एवढंच सांगितलं. ती म्हणाली, "सांग बरी हाय." दोन वर्षांपूर्वी तू फोनवर मेंढरं किती झाली असं विचारलंस, तेव्हाही तिनं असंच पटकन उत्तर दिलं होतं. "हायेत चाळीसेक." मी शेजारीच भाकरी थापत होते. तू फोन ठेवलास, आणि त्यानंतर तुझा फोन आला नाही.

बबिता


१४ फेब्रुवारी २०२५

नाथा,

तुझ्या जागी आलेल्या डॉक्टरीणबाई कागद वाचतील, पण मुलानं लिहिलेलं टिपण धरलं जाणार नाही, प्रश्नच चुकतो आहे हे गावातून कोणीतरी दाखवून द्यायला हवं, असं तू कळवलंस. म्हणजे काम फिरून माझ्याच डोक्यावर. वर 'याला मानधन नाही' हेही लिहिलंस. एवढा खरेपणा नसता दाखवला तरी चाललं असतं.

सुरुवात मायपासून केली. तीन दिवस मी तिच्या मागे पट्टी घेऊन हिंडले.

"माय, खरं सांग. शंभरातलं किती?"

"चाळीस."

"मी परकी हाय का गं तुला?"

"तू न्हाईस. पन ह्यो कागद कुटं जातो?"

"दिल्लीला."

"मंग?"

मी पट्टी चुलीत घालणार होते. तिला समजावलं की चाळीसच राहिले तर गोळ्या बंद होतील. ती म्हणाली, बरं आहे असं सांगितलं तर बरी झाली म्हणून बंद करतील, वाईट आहे सांगितलं तर उपयोग नाही म्हणून बंद करतील. "मंग चाळीसच बरं न्हाई का?" तुझ्या समितीतल्या किती जणांना याचं उत्तर देता येईल ते बघ.

उपाय मला सापडला नाही, दाजींना सापडला, तोही नकळत. ते मेंढरं घेऊन निघाले होते. जाता जाता मायला म्हणाले, "मामी, काल पानी कुटं पाजलं?" माय लगेच म्हणाली, "वरच्या हिरीवर. तळ्याकडं जाऊ नगा, गढूळलंय. आन् बांधाच्या अलीकडं चारा न्हाई राह्यला." सगळं खरं, एका दमात. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मेंढका तब्येतीचा आणि कळपाचा आकडा खोटा सांगेल, पण वाट, पाणी आणि चारा यांबद्दल कधीच खोटं सांगत नाही. सांगितलं तर मागून येणाऱ्याची जनावरं मरतील. आबांनी तर भाऊबंदकी पेटलेली असतानाही काकांना पाण्याचा ठिकाणा खरा सांगितला होता.

मी पट्टी ठेवून दिली आणि तिच्या शेजारी बसले.

"काल कुटवर गेलतीस माय?"

"वरच्या हिरीपतुर. येताना कोकरू काखंत घिऊन आले."

"आन् आखाडात कुटवर जायचीस?"

"आखाडात? मोरीपतुर. ती बी तुला धरून. एकदा मोरीपतुर बी न्हाई जाता आलं."

मी ते तिच्यासमोर लिहिलं नाही, नंतर लिहिलं. खाटेपासून मोरी सात पावलं आहे आणि विहीर दीड कोस. हे तुमच्या कुठल्या रकान्यात बसतं ते तुम्ही बघा. उद्यापासून उरलेल्या तेरा जणींकडे जाते.

बबिता


३ मार्च २०२५

नाथा,

चौदाही झाल्या. कागद डॉक्टरीणबाईंना रजिस्टर पोस्टानं पाठवले. नऊ जणी आखाडापेक्षा लांब जातात, त्यांतल्या चार जणी तर रानातली सगळी कामं करतात. तीन जणी होत्या तिथंच. दोघी मागे आल्या. मी काहीही वाढवलेलं नाही. वाढवावंसं वाटलं होतं.

मागे आलेल्या दोघींत छबुबाई आहे. ती आपल्यातली नाही, ऊसतोडीची. डिसेंबरात तिनं काहीच दुखत नाही म्हणून सांगितलं होतं, कारण मी तिला मुकादमाच्या ओट्यावर बसून विचारलं. दुखतं म्हटलं असतं तर त्यानं तोडीच्या जोडीत तिचं नाव घेतलं नसतं. एवढंही मला सुचलं नव्हतं. या खेपेला घरी गेले. जूनमध्ये ती हापशापर्यंत जायची, आता उंबऱ्यापर्यंत. गोळीनं तिला काहीही दिलं नाही, उलट्या तेवढ्या दिल्या. ती म्हणाली, "ताई, बंद केली तर चालंल का? गेवराईला लेकीकडं जावं म्हनते. तितं चार दिस बरे जातील."

तिच्यासाठी कोणाशी भांडू? गोळी चालू ठेवा म्हणून भांडू की बंद करा म्हणून? तू दिवसभर काय काम करतोस ते मला त्या उंबऱ्यावर पहिल्यांदा कळलं. कळल्यावर तुझा राग कमी झाला म्हणू नकोस. राग जागा शोधत माझ्यावरच आला.

कारण मला आबा आठवले. तू तेव्हा नुकताच डॉक्टर झाला होतास. अन्ननलिकेचं दुखणं, मोठ्या दवाखान्यात नवं इंजेक्शन आहे म्हणाले होते, आणि तू सगळ्यांसमोर म्हणालास की त्यानं दीड महिना मिळेल आणि तो दवाखान्यातच जाईल, आबांना घरी नेऊ या. माय म्हणाली, पोटच्या पोरानं बापाची किंमत केली. मीही तेच म्हणाले, तिच्यापेक्षा मोठ्यानं. आबा गेले आणि तुझं या घरी येणं तुटलं, अधूनमधून फोन तेवढा उरला.

आता मी न सांगितलेलं सांगते. त्याच्या आदल्या दिवशी मी आणि आबा मेंढरं कातरत होतो. त्यांच्यानं कात्री धरवत नव्हती, मी कातरत होते, ते लोकर गोळा करत होते. ते म्हणाले, "बबे, मला न्हाई जायचं दवाखान्यात. तुझ्या मायला सांगायची माजी छाती न्हाई. नाथाला म्हनलंय, तूच म्हन. तू डाक्टर हायेस."

मला माहीत होतं, नाथा. दुसऱ्या दिवशी तू बोललास, माय तुला वाट्टेल ते बोलत होती, तेव्हा तू खाली मान घालून उभा होतास आणि मी सगळं माहीत असून तिच्या बाजूनं उभी राहिले. तेव्हा वाटलं, आबांवर आत्ता तिचा राग नको. नंतर वाटलं, तू सांगशील, मग मी हो म्हणेन. तू सांगितलंच नाहीस. मग इतका उशीर झाला की सांगायची लाज वाटायला लागली, आणि तुझ्यावर चिडून राहणं सोपं होतं. मायचं दुखणं उलटलं तेव्हा तुला कळवलं नाही, ते यासाठीच. तू आला असतास आणि मला तुझ्याकडे बघावं लागलं असतं.

परक्यांना चाळीस सांगतात, नाथा. मी घरातल्यांना सांगितलं, आणि आठ वर्षं सांगितलं.

आज मायला सांगणार आहे. हे पत्र आधी पेटीत टाकते, म्हणजे मला माघार घेता येणार नाही.

बबिता


११ एप्रिल २०२५

चि. नाथास,

डॉक्टरीणबाईंचा फोन आला होता. शिफारस थांबवली आहे. या भागात प्रश्न बदलून पाहणी पुन्हा करणार, आणि तोवर, म्हणजे सप्टेंबरपर्यंत, ज्यांना गुण येतो आहे त्यांच्या गोळ्या चालू. नंतर काय, ते कोणी सांगत नाही. कदाचित नीट मोजल्यावरही त्या महागच ठरतील, असं त्या स्पष्ट म्हणाल्या. मी म्हणाले, ठरू द्या, पण आमचं जगणं मोजून ठरू द्या. 'काल कुठवर गेला होतात' हा प्रश्न पुस्तिकेत घातला आहे. मानधनाचं विचारलं तर म्हणाल्या, बघू. तुमच्या ऑफिसात हा शब्द सगळ्यांनाच शिकवतात वाटतं.

छबुबाई गेवराईला गेली. गोळी डॉक्टरांना विचारून बंद केली. परवा लेकीनं सांगितलं, दोन घास खाते.

मागचं पत्र पेटीत टाकलं त्याच दिवशी मायला आबांचं सांगितलं. तिनं काठी घेतली आणि मेंढरांमागं निघून गेली. चार दिवस माझ्या हातचं खाल्लं नाही, वेगळी चूल मांडून स्वतःची भाकरी स्वतः केली. मी रडले, दाजींवर ओरडले, पुन्हा रडले. पाचव्या दिवशी ती माझ्या चुलीपुढे येऊन बसली.

"तू लई वाईट केलंस बबे."

"हो."

"त्यानं बी. सांगाया काय झालतं त्येला?"

"हो."

मग आबांच्या फोटोकडे बघून म्हणाली, "आन् ह्यानं बी. सगळ्यात जास्त ह्यानं." एवढं म्हणून परातीतलं पीठ स्वतःकडे ओढलं आणि तिघांच्या भाकरी तिनं केल्या.

आज दुपारी मी हे पत्र लिहायला बसले तर ती आली. विहिरीवरून आली होती, दमलेली, पण चालत.

"नाथाला लिव्हतीस?"

"हो."

"त्यानं मागं मेंढरं किती हायेत म्हून इच्यारलं होतं."

दोन वर्षांपूर्वीचं, नाथा. मी पेन थांबवलं. तिनं दारातून बाहेर बघितलं. रस्त्यावर कोणी नव्हतं. तरी तिनं दार लोटून घेतलं, माझ्याजवळ खाली बसली आणि हळू आवाजात म्हणाली,

"लिही. एक्काहत्तर. नऊ गाभन हायेत आन् एक लंगडती. कुनाला सांगू नको म्हनावं."

तुझी,
अक्का